कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाची सचित्र आवृत्ती: टीपा झकास, मागचं 'मॉरल' मात्र वगळा

पुस्तक कुठलं ते आधी सांगते. इंग्रज कवी सॅम्युअल टेलर कोलरिजची 'द राइम ऑफ द एन्शन्ट मरिनर' ही मोठी कविता, सात भाग, सव्वासहाशे ओळी, खाली टीपा, मधेमधे गुस्ताव दोरेची चित्रं आणि शेवटी विद्यार्थ्यांसाठी प्रश्नोत्तरं, थीम्स, सिम्बॉल्सचा तक्ता वगैरे. पेपरबॅक आहे, महाग नाही. प्रकाशकाचं नाव मुद्दाम देत नाहीये, मला कुणाशी भांडायचं नाहीये, आणि तसंही या धर्तीच्या आवृत्त्या बाजारात ढिगाने आहेत, तुम्ही दुसरी कुठली घेणार असाल तरी यातलं बरंच उपयोगी पडेल. भाची एसवायला इंग्लिश स्पेशल घेऊन बसलीय, तिच्यासाठी ऑनलाइन मागवलं आणि तिच्या हातात पडायच्या आधी मीच वाचून काढलं.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. लग्नाला निघालेल्या तिघांपैकी एकाला एक म्हातारा खलाशी रस्त्यात अडवतो, लग्नात पॉलिसीवाला गाठतो ना तसा. हा बिचारा नवऱ्यामुलाचा जवळचा नातेवाईक, आत वाजंत्री सुरू झालीय, पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत असं काहीतरी असतं की हा दगडावर बसून ऐकतच राहतो. जहाज दक्षिणेला जातं, बर्फात अडकतं, अल्बट्रॉस नावाचा मोठा समुद्रपक्षी येतो, बर्फ फुटून वाट मिळते, पक्षी रोज खायला-खेळायला येतो आणि एक दिवस हा खलाशी क्रॉसबोने, म्हणजे आडव्या धनुष्याने, त्याला मारून टाकतो. मग प्रशांत महासागरात वारा पडतो, प्यायचं पाणी संपतं, बाकीचे खलाशी मेलेला पक्षी याच्या गळ्यात अडकवतात, एक सांगाड्यासारखं जहाज येतं ज्यावर मृत्यू आणि एक पांढरीफटक बाई फासे खेळताहेत, दोनशे जण धडाधड मरून पडतात, हा एकटा उरतो. पुढे पाणसाप बघून नकळत याच्या मनातून आशीर्वाद निघतो, पक्षी गळ्यातून सुटून पाण्यात पडतो, पाऊस येतो, मेलेले खलाशी उठून दोर ओढायला लागतात, गावच्या बंदरात आल्यावर जहाज बुडतं, आणि हा जन्मभर देशोदेशी फिरून हीच गोष्ट सांगत राहतो.

प्रस्तावना छोटी आहे आणि चक्क वाचनीय आहे. १७९७च्या नोव्हेंबरमध्ये कोलरिज, त्याचा कविमित्र वर्ड्सवर्थ आणि वर्ड्सवर्थची बहीण डोरोथी सॉमरसेटमधल्या क्वांटॉक टेकड्यांमध्ये भटकायला निघाले, खिशात पैसे नव्हते, म्हणून चालता चालता दोघांनी मिळून एक कविता लिहायची आणि मासिकाला पाच पौंडांना विकून ट्रिपचा खर्च काढायचा असा प्लॅन ठरला. अल्बट्रॉस मारण्याची आयडिया वर्ड्सवर्थची, त्याने नुकतंच शेल्वॉक नावाच्या कप्तानाचं १७२६चं प्रवासवर्णन वाचलं होतं, त्यात दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्नजवळ सतत मागे लागलेला एक काळा अल्बट्रॉस जहाजावरचा एक अधिकारी अपशकुनी समजून मारतो. मग वर्ड्सवर्थने लक्षात घेतलं की आपलं काही इथे जमणार नाही आणि तो बाजूला झाला. कविता १७९८ साली दोघांच्या एकत्र संग्रहात पहिलीच म्हणून छापली, कवीचं नाव न देता. आणि मजा बघा, १८००च्या आवृत्तीत याच वर्ड्सवर्थने टीप टाकली की या कवितेत मोठे दोष आहेत, खलाशाला धड स्वभाव नाही, तो स्वतः काही करत नाही सगळं त्याच्यावरच घडतं, घटनांचा एकमेकींशी संबंध लागत नाही आणि प्रतिमा जरा जास्तच मेहनतीने रचल्यात. मित्र असावा तर असा! त्यांचा मित्र, निबंधकार चार्ल्स लँब त्यावर भडकला होता, ते वाजवीच होतं.

आता टीपांकडे येते, कारण पैसे वसूल तिथेच होतात.

मी ही कविता कॉलेजात वाचली होती तेव्हा सूर्य 'लेफ्ट'ला उगवतो आणि पुढच्या भागात 'राइट'ला उगवतो या ओळी यमकासाठी आहेत असंच सगळ्यांनी धरून चाललेलं. या पुस्तकातली टीप सरळ सांगते की जहाज इंग्लंडहून दक्षिणेला चाललंय, म्हणजे पूर्व डाव्या हाताला, सूर्य समुद्रातून डावीकडे वर येणार. तो रोज दुपारी आणखी आणखी वर चढतो आणि शेवटी बरोबर डोलकाठीवर येतो, म्हणजे जहाज विषुववृत्तावर पोचलं. मग दक्षिण अमेरिकेला वळसा घालून जहाज प्रशांतमध्ये उत्तरेला लागलं की दुसऱ्या भागाच्या पहिल्याच ओळीत सूर्य उजवीकडे. नकाशा नाही, गावांची नावं नाहीत, नुसत्या सूर्यावरून अर्धं जग फिरवून आणलंय, आणि हे लिहिणारा माणूस तोवर समुद्रप्रवासाला गेलेलाच नव्हता, पहिल्यांदा जहाजात बसला तो सप्टेंबर १७९८मध्ये जर्मनीला जाताना, कविता लिहून झाल्यावर. शाळेत त्याला गणित शिकवायला विल्यम वेल्स होते, कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर खगोलशास्त्रज्ञ म्हणून गेलेले, तिथून काय काय कानावर पडलं असेल याचा अंदाज आपण करायचा.

तशीच दुसरी टीप, वारा पडतो तिथली. जहाज इतकं स्तब्ध की चित्रातल्या समुद्रावरचं चित्रातलं जहाज, ही उपमा सगळ्यांना पाठ असते, आणि 'वॉटर, वॉटर, एव्हरीव्हेअर' तर बाटलीबंद पाण्याच्या जाहिरातीत खपेल इतकं गुळगुळीत झालंय. पण 'वॉटर, वॉटर' ही ओळ दोनदा येते, त्या दोन्हींच्या मधली ओळ कुणी म्हणतच नाही, लाकडी फळ्या आक्रसल्या ती. चहूकडे पाणी आणि जहाजाचं लाकूड मात्र वाळून आकसतंय, तहान आधी लाकडाला लागलीय आणि मग माणसांना. टीप इथे दोनच वाक्यं लिहून गप्प बसते, हे फार आवडलं. मग पुढे रात्री पाणी हिरवं, निळं, पांढरं पेटल्यासारखं दिसतं, चेटकिणीच्या तेलासारखं. आपल्याकडे कोकणात, कधीकधी जुहूलासुद्धा, रात्री लाटा निळ्या चमकतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतात तेच हे, सूक्ष्म जीवांचा प्रकाश. त्या काळी मात्र समुद्राचं पाणी सडलं की चमकतं अशीही समजूत होती, म्हणून कवितेत खोल समुद्रच कुजला असं येतं. हे कळलं की ती ओळ नुसती भीतीदायक राहत नाही, तिला वास येतो.

सगळ्यात भारी गोष्ट मात्र समासातल्या नोंदींची. कोलरिजने १८१७मध्ये कविता पुन्हा छापताना बाजूच्या समासात गद्य नोंदी जोडल्या, मुद्दाम जुनाट भाषेत, जणू कुणी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा विद्वान गृहस्थ कविता वाचून शेजारी अर्थ लिहून ठेवतोय. म्हणजे घेताना आधी हे बघा की तुमच्या प्रतीत त्या नोंदी आहेत का, कारण काही स्वस्त प्रतींमध्ये १७९८चा जुन्या स्पेलिंगचा मजकूर असतो, त्यात त्या नसतातच, आणि काहींनी नवा मजकूर घेऊन नोंदी उडवलेल्या असतात. माझ्या प्रतीत आहेत पण यांनी त्या समासातून उचलून पानाच्या तळाला संपादकाच्या टीपांबरोबर एकाच टायपात टाकल्यात, त्यामुळे पहिली दोन-चार पानं कोलरिज कुठे संपतो आणि संपादक कुठे सुरू होतो हेच कळेना. भाचीला तर वाटलं हे सगळं गाइडवाल्यांनीच लिहिलंय, "मावशी, हे उत्तरात लिहिलं तर चालेल ना?" म्हणून विचारत होती.

आणि हा घोळ साधा नाही, कारण कवितेचा बोध वगैरे जे काय आहे त्याचं सगळं भांडण याच नोंदींपाशी आहे. पहिल्या भागाचा शेवट उघडा. लग्नाचा पाहुणा घाबरून म्हणतो, देव तुझं रक्षण करो बाबा, असा काय बघतोयस? आणि खलाशी एवढंच म्हणतो की माझ्या क्रॉसबोने मी अल्बट्रॉसला मारलं. संपलं. भागच संपतो. का मारलं, राग आला होता, भूक होती, पैज लागली होती, अवाक्षर नाही. आता शेजारची नोंद बघा, ती म्हणते की खलाशाने अतिथीधर्म मोडून शुभशकुनाचा पुण्यवान पक्षी मारला. कवितेत हा 'पुण्यवान' कुठून आला? नोंद लिहिणाऱ्याने घातला. म्हणजे कवीने स्वतःच एक असा वाचक शेजारी बसवून ठेवलाय ज्याला प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावायची घाई आहे, आणि आपण दोन्ही एकदम वाचत असतो. खलाशांचं तर आणखी मजेशीर, पक्षी मेल्यावर आधी याला शिव्या घालतात की वारा आणणारा पक्षी मारलास, दुसऱ्या दिवशी धुकं निवळून सूर्य दिसला की म्हणतात बरं केलंस, धुकं आणणारा पक्षी होता. नोंद म्हणते, इथे ते गुन्ह्यात सामील झाले. ठीक आहे. म्हणून दोनशेच्या दोनशे मेले, आणि ज्याने प्रत्यक्ष बाण सोडला तो जगला, तेही का, तर फाशांच्या खेळात त्या बाईचं दान पडलं म्हणून! यात न्याय कुठे बसतो मला सांगा.

पण नोंदी सगळ्याच अशा नीतीवाल्या नाहीत. चौथ्या भागात हा एकटा उरतो, आजूबाजूला मेलेले लोक, प्रार्थना करायला जातो तर तोंडातून शब्द फुटत नाही, आणि आकाशात चंद्र वर चढत असतो. तिथली नोंद म्हणते की एकाकीपणात आणि एका जागी खिळलेल्या अवस्थेत त्याला त्या प्रवासी चंद्राची आणि ताऱ्यांची ओढ लागते, सगळं निळं आकाश त्यांचंच आहे, त्यांचं माहेरघर आहे, ते घरच्या मालकासारखे न सांगता आत येतात आणि तरी त्यांच्या येण्याने घरात मुकाट आनंद होतो. कवितेच्या त्या कडव्यात यातलं जेमतेम चारच ओळींचं आहे, बाकीचं सगळं या गद्यात. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात सुंदर मजकूर हा, आणि तो यांनी बारीक टायपात तळाला टाकलाय.

त्याच्याच पुढे पाणसाप. हे कडवं सावकाश वाचायचं. आधी याच प्राण्यांना त्याने 'चिकट वस्तू चिकट समुद्रावर पायांनी सरपटताहेत' असं म्हटलंय, किळस. आता जहाजाच्या सावलीबाहेर ते पांढऱ्या चमकत्या वाटा काढत जातात, आणि जहाजाच्या सावलीत आले की निळे, तकतकीत हिरवे, मखमली काळे, वळताना सोनेरी जाळ. साप तेच, समुद्र तोच, फरक पडला तो उजेडात आणि बघण्यात, आणि तो काही ठरवून चांगला वागत नाही, 'अनअवेअर' आशीर्वाद देतो, हा शब्द कवितेत दोनदा येतो. मान हलकी होते, पक्षी शिशासारखा पाण्यात जातो.

आता मागच्या पानांवरचा तो तक्ता. अल्बट्रॉस म्हणजे ख्रिस्त. साप म्हणजे पाप (मग पापाला आशीर्वाद दिला म्हणून सुटका झाली का? तक्ता यावर गप्प). सूर्य म्हणजे देवाचा कोप, चंद्र म्हणजे कृपा. हे शेवटचं पूर्ण हवेतलं नाहीये, रॉबर्ट पेन वॉरन नावाच्या अमेरिकन कवीने १९४६ साली मोठा निबंध लिहून असं काहीसं मांडलं होतं, सूर्याखाली वाईट घडतं आणि चंद्राखाली बरं. पण त्या निबंधावरही नंतर पुष्कळ वाद झाला, आणि साधी गोष्ट आहे, ते दोनशे खलाशी कशाच्या उजेडात मरतात? चंद्राच्या. शिंगं असलेला चंद्र, त्याच्या खालच्या टोकाच्या आत एक तारा, असं वर्णन आहे, जे आकाशात शक्यच नाही कारण तिथे चंद्राचाच न दिसणारा भाग असतो, तारा त्याच्या आड जाईल. हे या पुस्तकाच्याच टीपेत नीट समजावलंय! म्हणजे टीपा लिहिणारा एक आणि मागचा तक्ता भरणारा दुसराच कुणीतरी, आणि दोघांनी एकमेकांचं वाचलेलं नाही हे उघड आहे.

तक्त्याखाली चौकटीत 'मॉरल': सर्व प्राणिमात्रांवर प्रेम करा. लहानपणी इसापनीतीत गोष्ट संपली की खाली जाड टायपात तात्पर्य असायचं अगदी तसं. बरं, हे कवितेत नाही का, तर आहे, शेवटच्या भागात खलाशी स्वतः पाहुण्याला सांगतो की माणूस, पक्षी, पशू यांच्यावर जो प्रेम करतो त्याचीच प्रार्थना चांगली. पण हे कोण बोलतोय? ज्याला मधूनच यातना उठतात आणि गोष्ट सांगितल्याशिवाय जीव राहत नाही तो माणूस. याला बघून, बंदरात याला वाचवायला नाव घेऊन आलेल्या वाटाड्याचा पोरगा वेडा झालाय, काहीही गुन्हा नसताना. आणि ज्याला उपदेश केला तो पाहुणा लग्नमंडपाच्या दाराशी पोचून परत फिरतो, दुसऱ्या दिवशी जास्त उदास आणि जास्त शहाणा होऊन उठतो. प्रेम करा हा निरोप ऐकून माणूस लग्न टाकून घरी गेला, हे जरा विचार करण्यासारखं आहे की नाही? प्रश्नोत्तरांत हा प्रश्नच नाही. माझ्या मते नेमका हाच यायला हवा होता.

कोलरिजचं स्वतःचं मत तर याच्या बरोबर उलट, आणि ते या पुस्तकात कुठेच दिलेलं नाही, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. १८३०मधल्या त्याच्या गप्पा त्याच्या पुतण्याने टिपून ठेवल्या होत्या, त्यात आहे. मिसेस बार्बोल्ड, त्या काळच्या नावाजलेल्या कवयित्री आणि मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखिका, त्याला म्हणाल्या की कविता आवडली पण दोन दोष आहेत, एक तर ती असंभव आहे आणि दुसरं म्हणजे तिला बोध नाही. कोलरिज म्हणाला, असंभवचं एकवेळ मान्य, पण बोध? उलट बोध फार झालाय. ती अरबी सुरस कथेतल्या व्यापाऱ्यासारखी असायला हवी होती, विहिरीपाशी बसून खजूर खातो, बिया बाजूला टाकतो आणि अचानक जिन उभा राहतो की तुला मारणार, कारण तुझ्या बीने माझ्या पोराचा डोळा फुटला. बस्स. हे एवढं जरी प्रस्तावनेत टाकलं असतं तर पोरांना चौकटीतलं तात्पर्य पाठ करायची वेळ आली नसती, निदान त्यावर वाद घालता आला असता. आणखी एक गोष्ट सुटलीय, कोलरिजने १७९५मध्ये ब्रिस्टलला गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जाहीर व्याख्यान दिलं होतं, आणि त्या काळात ब्रिस्टलहून जहाजं कशासाठी सुटायची हे सगळ्यांना माहीत होतं. कविता म्हणजे तेच असं मी म्हणणार नाही, पण काही अभ्यासक तिच्यातल्या शापित जहाजाकडे त्या बाजूने बघतात, एक परिच्छेद द्यायला काय हरकत होती.

चित्रांबद्दल. दोरे हा फ्रेंच चित्रकार, ही चित्रं १८७०च्या दशकातली, लाकडावर कोरून छापलेली. मूळ मोठ्या आकाराची, त्यात बर्फाचे कडे आणि त्यांच्यामध्ये एवढंसं जहाज असं काही दिसतं की थंडी वाजते. इथे ती छोट्या पानात कोंबलीत आणि काळा भाग सगळा एकसारखा काळा, रात्रीच्या चित्रांत तर माणसं शोधावी लागतात. नेटवर स्कॅन फुकट मिळतात, ते मोबाईलवर झूम करून बघा, यापेक्षा लाखपट बरे. दोरेने खलाशी-जहाज सगळं झकास काढलंय, पण एक आहे, चित्र बघितलं की ती फासे खेळणारी बाई ठरून जाते, कवितेत ती नुसती लाल ओठ, पिवळे केस आणि महारोग्यासारखी पांढरी कातडी एवढ्यावर उभी आहे आणि ती तशीच जास्त भयंकर. म्हणून तिसरा भाग आधी चित्राशिवाय वाचा असं सुचवेन.

कुणी घ्यावं? ज्यांना कविता पहिल्यांदा धड समजून वाचायचीय त्यांनी घ्यावं, टीपांसाठी. परीक्षेपुरतं हवं असेल तर मागची पानं कामाची वाटतील, पण तक्त्यातलं उतरवाल तर पेपर तपासणाऱ्याने ते आधी शंभर वेळा वाचलेलं असणार. चांगल्या चित्रांसाठी घेत असाल तर अजिबात नको, पैसे साठवून मोठ्या आकाराची घ्या. पाचपैकी साडेतीन देते, अर्धा त्या चंद्राच्या नोंदीपायी जास्त. आणि हो, कागद पातळ आहे, समासात पेन्सिलनेच लिहा, बॉलपेन मागच्या पानावर उमटतं.